युक्रेन युद्धावर वाद घालण्याआधी

युक्रेनचा विषय निघाला की पहिली पाच मिनिटं बरी जातात. मग कुणीतरी म्हणतं, 'नाटोनं डिवचलं म्हणून झालं हे सगळं.' दुसरा उसळतो, 'मग काय, शेजाऱ्याचं घर बळकवायचं?' तिसरा १९७१ मधल्या सोव्हिएत मदतीची आठवण काढतो, चौथा इराकवर जातो, आणि दहाव्या मिनिटाला युक्रेनबद्दल कुणीच बोलत नसतं. आमच्या अभ्यासगटात हे इतक्यांदा झालं की शेवटी आम्ही फळ्यावर दोन रकाने आखले. डावीकडे 'घडलं काय', उजवीकडे 'त्यातून होणार काय'.

डाव्या रकान्यातला वाद पुराव्यानं मिटतो, निदान मिटू तरी शकतो. उजवीकडे अंदाज असतात आणि त्यांचा निकाल काळ लावतो. बहुतेक भांडणं डावीकडचा प्रश्न उजवीकडच्या मतानं सोडवायला गेल्यामुळे होतात. मला नाटो (अमेरिका आणि युरोपीय देशांची लष्करी आघाडी) आवडत नाही, म्हणून बुचा या युक्रेनियन गावातली प्रेतं खोटी. मला पुतिन आवडत नाहीत, म्हणून रशिया सहा महिन्यांत कोसळणार. या चर्चेत तुम्ही नव्यानं उतरत असाल तर पुढच्या पायऱ्या साधारण याच क्रमानं घ्या. पहिल्या पाच डाव्या रकान्याच्या आहेत. त्यांना वेळ जास्त लागतो, आणि लागू द्या.

पायरी १ : समोरच्याचं घड्याळ कधी सुरू होतं ते विचारा

या युद्धाची गोष्ट कुठल्या तारखेपासून सांगायची, यातच अर्धा वाद असतो. 'कुणी सुरू केलं' हे विचारण्याआधी 'तुम्ही कधीपासून मोजताय' हे विचारा.

१ डिसेंबर १९९१ पासून मोजणारा सांगेल की युक्रेनच्या सार्वमतात मत दिलेल्यांपैकी ९० टक्क्यांहून जास्त जणांनी स्वातंत्र्याला कौल दिला आणि क्रिमियातही तो ५४ टक्के होता. १९९४ पासून मोजणारा बुडापेस्ट कराराकडे बोट दाखवेल. युक्रेननं आपल्या भूमीवरची सोव्हिएत अण्वस्त्रं सोडली आणि बदल्यात रशिया, अमेरिका, ब्रिटन यांनी त्याच्या सीमांचा आदर करण्याची हमी दिली. २००८ पासून मोजणाऱ्याला बुखारेस्टची नाटो परिषद आठवते. युक्रेन आणि जॉर्जिया 'सदस्य होतील' असं तिथे जाहीर झालं, पण कधी आणि कसे याचा पत्ता नव्हता. त्याच वर्षी मॉस्कोतले अमेरिकी राजदूत विल्यम बर्न्स यांनी वॉशिंग्टनला बजावलं होतं की युक्रेनचा नाटोप्रवेश ही रशियाच्या दृष्टीनं सर्वांत ठळक लक्ष्मणरेषा आहे. २०१४ वाला युक्रेनचे तेव्हाचे अध्यक्ष यानुकोविच यांचं पलायन, रशियानं घेतलेला क्रिमियाचा घास आणि पूर्वेकडच्या डोनबासमधली लढाई यांपासून सुरू करतो. २४ फेब्रुवारी २०२२ वाल्याला मागचं काहीच ऐकायचं नसतं.

यातली कुठलीच तारीख खोटी नाही, पण एकच तारीख धरून बसणारा माणूस बाकीच्या लपवत असतो. 'सगळं नाटोमुळे' म्हणणाऱ्याला पुतिन यांच्या जुलै २०२१ च्या लेखाबद्दल विचारा. रशियन आणि युक्रेनियन हे एकच लोक आहेत, असं त्यात सविस्तर मांडलं आहे. प्रश्न फक्त क्षेपणास्त्रांच्या अंतराचा असता तर एवढा इतिहास लिहायचं कारण काय होतं? आणि 'नाटोचा काडीचाही संबंध नाही' म्हणणाऱ्याला बर्न्स यांचं पत्र दाखवा. माझं मत विचाराल तर, कारणं समजून घेतल्यानं आक्रमण रास्त ठरत नाही, आणि आक्रमण चूक होतं म्हणून कारणांची चर्चा निषिद्ध होत नाही. हे मत मात्र उजव्या रकान्यातलं. ते फळ्यावर डावीकडे लिहायला मी धजणार नाही.

पायरी २ : बातमीत बोलतंय कोण, ते शोधा

मराठी पेपरात परदेशी बातमीच्या सुरुवातीला बहुधा 'वृत्तसंस्था, मॉस्को' किंवा 'पीटीआय, कीव्ह' असं असतं. यातला 'वृत्तसंस्था' हा शब्द फसवा आहे. रॉयटर्स, एपी, एएफपी आणि रशियन सरकारची 'तास' (TASS) हे सगळे त्या एका शब्दात मावतात. वर गावाचं नाव आहे म्हणजे वार्ताहर तिथे उभा होता असंही नाही. बातमी दिल्लीत तर्जुमा होऊन आलेली असू शकते.

मग क्रियापदांकडे या. आपल्या भाषेत माणूस लपवायची एक सुंदर सोय आहे: 'सांगण्यात आले', 'समजते', 'मानले जाते'. कुणी सांगितलं? कुणाला समजलं? अशा प्रत्येक वाक्याखाली पेन्सिलीनं रेघ मारा आणि कर्ता शोधा. सापडला नाही तर ते वाक्य वादात वापरू नका. 'युक्रेनच्या हवाई दलाने दावा केला' हे वाक्य चालतं, कारण दावा कुणाचा ते तरी कळतं.

एका कर्त्यावर किती भार पडू शकतो याचं उदाहरण १५ नोव्हेंबर २०२२ चं. युक्रेनच्या सीमेजवळच्या प्शेवोदुव या पोलिश खेड्यात क्षेपणास्त्र पडून दोन माणसं गेली. त्याच दिवशी रशियानं युक्रेनवर क्षेपणास्त्रांचा मोठा मारा केला होता. एपीनं एका वरिष्ठ अमेरिकी गुप्तचर अधिकाऱ्याच्या हवाल्यानं बातमी दिली की रशियन क्षेपणास्त्रं पोलंडमध्ये शिरली. पोलंड नाटोचा सदस्य, आणि एका सदस्यावरचा हल्ला नाटो सगळ्यांवरचा मानते. तासाभरात जगभर तिसऱ्या महायुद्धाची चर्चा सुरू झाली. दुसऱ्या दिवशी नाटोचे सरचिटणीस स्टोल्टेनबर्ग म्हणाले की ते बहुधा युक्रेनच्याच हवाई संरक्षणाचं क्षेपणास्त्र असावं. एपीनं बातमी मागे घेतली. एक निनावी माणूस, एक वाक्य. युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्की मात्र ते आपलं क्षेपणास्त्र नाहीच असं म्हणत राहिले, तेव्हा 'युक्रेन म्हणतंय' एवढ्यावरही विसंबून चालत नाही.

घरचं उदाहरणही आहे. मार्च २०२२ च्या सुरुवातीला, भारतीय विद्यार्थी बाहेर पडावेत म्हणून रशियानं सहा तास युद्ध थांबवलं, असा संदेश प्रत्येक कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर फिरत होता. ३ मार्चला परराष्ट्र मंत्रालयाच्या प्रवक्त्यांनी पत्रकार परिषदेत तो अर्थ साफ चुकीचा असल्याचं सांगितलं. खुलासा फिरला नाही, संदेश अजून फिरतो. विद्यार्थ्यांना आणणं खरं होतं; 'ऑपरेशन गंगा'त २२ हजारांहून जास्त भारतीय परतले. खऱ्या गोष्टीच्या पाठीवर बसून खोटी गोष्ट लांब जाते, हे यात बघण्यासारखं आहे.

पायरी ३ : शब्द आणि आकडे सुटे करा

आधी राजधानीचं नाव. 'किएव' हे रशियन उच्चारावरून आलं, 'कीव' हे युक्रेनियनवरून. आपल्याकडे 'कीव' म्हणजे दया, त्यामुळे 'कीव पडली' असा मथळा वाचून वाचक गोंधळू नये म्हणून असेल किंवा नसेल, 'कीव्ह' रूढ झालं. खारकोव की खारकीव हाही तोच प्रकार. नाव बघून बातमी कुठल्या मुळावरून आली याचा अंदाज येतो, पण तेवढ्यावरून लिहिणाऱ्याची निष्ठा ठरवू नका. जुन्या पिढीनं नकाशात किएवच वाचलं आहे.

आता जास्त महत्त्वाचं. मारले गेलेले आणि जखमी झालेले यांना मिळून मराठीत 'हताहत' असा नेमका शब्द आहे; हत म्हणजे मेलेले, आहत म्हणजे जखमी. युक्रेनचं लष्कर रोज रशियाच्या 'हानी'चा जो आकडा देतं तो हताहतांचा असतो. मथळ्यात तो येतो 'रशियाचे इतके लाख सैनिक ठार' असा. एका शब्दाच्या आळसात काही लाख माणसं मरतात. चर्चेत कुणी आकडा फेकला की पहिला प्रश्न हाच: हत की हताहत?

दुसरा प्रश्न, मोजलं कुणी? रशियन संरक्षण मंत्रालयानं सप्टेंबर २०२२ मध्ये आपले ५,९३७ सैनिक गेल्याचं सांगितलं आणि नंतर तोंड मिटलं. मीडियाझोना हे रशियन संकेतस्थळ आणि बीबीसीची रशियन सेवा मिळून मृत्युवार्ता, कबरी आणि समाजमाध्यमांवरचे शोकसंदेश यांवरून नावानिशी यादी करतात. ती २०२५ मध्ये लाखाच्या पुढे गेली. ती किमान संख्या आहे, कारण ज्याचं नाव सापडलं तोच तिच्यात येतो. झेलेन्स्की यांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये आपले ३१ हजार, डिसेंबर २०२४ मध्ये ४३ हजार सैनिक गेल्याचं सांगितलं. ही स्वतःच्या बाजूची संख्या असल्यानं ती कमीच सांगितली असणार, असं धरून चालावं. नागरिकांसाठी संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाचा आकडा वापरा, आणि ते स्वतःच दरवेळी जोडतात ते वाक्यही वापरा: खरा आकडा याहून बराच मोठा आहे.

युक्रेनमधल्या मारियुपोल शहराच्या नाट्यगृहाचं उदाहरण मी नव्या लोकांना नेहमी देतो. १६ मार्च २०२२ ला त्यावर हल्ला झाला, तेव्हा बाहेर जमिनीवर मोठ्या रशियन अक्षरांत 'मुलं' असं लिहिलेलं होतं. नगर प्रशासनानं मृतांचा आकडा सुमारे ३०० सांगितला. एपीच्या तपासात तो ६०० च्या जवळ गेला. ॲम्नेस्टी या मानवाधिकार संघटनेला किमान डझनभर मृत्यूंची खात्री पटवता आली आणि बरेच आणखी असतील असं त्यांनी म्हटलं. तिघांत खोटं कोण? कदाचित कुणीच नाही. एकानं अंदाज सांगितला, एकानं वाचलेल्यांच्या आठवणींवरून इमारतीतली माणसं मोजली, एकानं फक्त सिद्ध होतील तेवढी धरली. आकड्यातल्या या फरकावर बोट ठेवून 'म्हणजे हल्लाच झाला नाही' म्हणणारा भेटेल. त्याला इथेच थांबवा.

पायरी ४ : पहिले दोन दिवस गप्प बसा, पण कायमचे नाही

'कीव्हचं भूत' म्हणून एका युक्रेनियन वैमानिकानं पहिल्याच दिवशी सहा रशियन विमानं पाडल्याचं जगभर पसरलं. सोबतची एक चित्रफीत चक्क संगणकीय खेळातली होती. ३० एप्रिल २०२२ ला युक्रेनच्या हवाई दलानंच सांगितलं की तो लोकांनी रचलेला महानायक आहे. काळ्या समुद्रातल्या सर्पबेटावरचे १३ युक्रेनियन सीमारक्षक शहीद झाल्याचं झेलेन्स्की यांनी जाहीर केलं. ते जिवंत, कैदेत होते.

ही दोन उदाहरणं ऐकली की नवा माणूस एकदम हुशार होतो आणि म्हणतो, 'म्हणजे सगळेच खोटं बोलतात.' या चर्चेत पडण्याचा हा सर्वांत मोठा खड्डा आहे, आणि मी स्वतः त्यात काही महिने पडून होतो. त्यावर औषध म्हणजे बुचा. मार्चअखेर रशियन फौजा कीव्हजवळच्या या गावातून गेल्या, एप्रिलच्या पहिल्या दिवसांत रस्त्यावरची प्रेतं जगानं पाहिली, आणि रशियानं हा बनाव असल्याचं म्हटलं. मग उपग्रहाची छायाचित्रं आली. गाव रशियन ताब्यात होतं त्या मार्चच्या दिवसांत, त्याच रस्त्यावर, त्याच जागी प्रेतं दिसत होती. गावात मिळून ४०० हून जास्त मृतदेह सापडले. इथे 'दोन्ही बाजू' नाहीत. एक दावा तपासाला उतरला, दुसरा उतरला नाही.

आणि काही गोष्टी वर्षानुवर्षं लोंबकळतात. २६ सप्टेंबर २०२२ ला बाल्टिक समुद्रात नॉर्ड स्ट्रीम वायुवाहिन्या फुटल्या. पाश्चात्त्य वाहिन्यांवर पहिला संशय रशियावर. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकी पत्रकार सेमूर हर्श यांनी ते अमेरिकेनं केल्याचं लिहिलं, तेही एका निनावी सूत्रावर. स्वीडन आणि डेन्मार्क यांनी २०२४ मध्ये आपापले तपास बंद केले. जर्मनीचा तपास एका भाड्याच्या शिडाच्या नौकेवरून युक्रेनियन संशयितांपर्यंत गेला आणि २०२५ मध्ये इटलीत त्यातल्या एकाला अटक झाली. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये छातीठोक बोललेल्यांपैकी कितीजण आज आपलं वाक्य पुन्हा उच्चारतील?

पायरी ५ : कुठे काय छापता येतं ते माहीत करून घ्या

४ मार्च २०२२ च्या रशियन कायद्यानं सैन्याबद्दल 'खोटी माहिती' पसरवण्याला १५ वर्षांपर्यंत तुरुंगवास ठेवला. सरकारी भाषेत हे युद्ध नव्हतं, 'विशेष लष्करी कारवाई' होती. एको मॉस्कवी नभोवाणी बंद झाली. नोबेल मिळवलेल्या दिमित्री मुरातोव यांच्या नोवाया गझेटानं त्या महिन्याअखेरीस छपाई थांबवली. युरोपीय संघानं आरटी आणि स्पुतनिक या रशियन सरकारी माध्यमांवर बंदी घातली, आणि ती बंदी मला व्यक्तिशः पटलेली नाही. खोटं बोलणाऱ्याचं बोलणं तपासायला तरी ऐकू यायला हवं.

युक्रेनमध्येही लष्करी कायदा आहे. मोठ्या वाहिन्यांनी मिळून एकच सरकारमान्य बातमीपत्र चालवलं, हल्ल्याच्या जागा लगेच दाखवायला मनाई आहे. मग फरक काय? एक कसोटी मला उपयोगी वाटते: तिथला पेपर आपल्याच सैन्याविरुद्ध लिहू शकतो का, आणि लिहिल्यावर काय होतं. जानेवारी २०२३ मध्ये युक्रेनियन पत्रकारांनी उघड केलं की सैन्यासाठी अंडं १७ रिव्नियाला (युक्रेनचं चलन) घेतलं जातंय, जे दुकानात सातच्या आसपास मिळतं. उपसंरक्षणमंत्र्यांना जावं लागलं, आणि त्याच वर्षी संरक्षणमंत्रीही बदलले. रशियात मरिना ओवस्यानिकोवा सरकारी वाहिनीच्या थेट बातम्यांत युद्धविरोधी फलक घेऊन उभ्या राहिल्या, तर आधी दंड झाला आणि शेवटी देश सोडावा लागला.

आपल्या वाहिन्यांचं काय, हे विचारलंत ना? २३ एप्रिल २०२२ ला माहिती व प्रसारण मंत्रालयानं खासगी वाहिन्यांना युक्रेनबाबतच्या भडक मथळ्यांबद्दल तंबी दिली होती. सायरनच्या आवाजात अणुयुद्धाची उलटी गिनती ज्यांनी रात्रीच्या जेवणाबरोबर पाहिली, त्यांना आणखी सांगायला नको.

पायरी ६ : परिणामांवर बोलताना साखळीची प्रत्येक कडी मोजा

आता उजवा रकाना. 'युद्धामुळे महागाई' हे वाक्य इतकं ढोबळ आहे की त्याच्याशी वाद घालता येत नाही. कड्या सांगा. भारत सूर्यफूल तेल बहुतांश युक्रेनकडून घेत होता. काळ्या समुद्रातली बंदरं अडली, तेलाचा डबा महागला, भारतानं हळूहळू रशिया, रोमानिया, अर्जेंटिनाकडे मोर्चा वळवला. जुलै २०२२ मध्ये तुर्कस्तान आणि संयुक्त राष्ट्रांच्या मध्यस्थीनं धान्यकरार झाला, सुमारे ३ कोटी ३० लाख टन धान्य बाहेर पडलं, आणि वर्षानं रशिया त्यातून बाहेर पडला. पण भारतानं १३ मे २०२२ ला गव्हाची निर्यात थांबवली त्यात युद्धाबरोबर मार्चच्या उष्णतेनं करपलेल्या पिकाचाही वाटा होता. ही कडी वगळली की तुमचं विधान अर्धं राहतं.

खनिज तेलाची साखळी आपल्या सगळ्यात जवळची. युद्धाआधी भारताच्या आयातीत रशियन तेल जेमतेम दोन टक्के. नंतर ते एक तृतीयांशाहून वर गेलं. जी-७ देशांनी डिसेंबर २०२२ मध्ये पिंपाला ६० डॉलरची मर्यादा घातली, तिचा हेतूच असा होता की रशियन तेल बाजारात यावं पण रशियाला कमाई कमी व्हावी. म्हणजे भारतानं ते घेणं त्या योजनेत बसत होतं, आणि त्यातून झालेलं डिझेल युरोपातही जात होतं. तरीही ऑगस्ट २०२५ मध्ये याच तेलाच्या नावानं अमेरिकेनं भारतावर २५ टक्के जादा आयातशुल्क लावून एकूण ५० टक्क्यांवर नेलं, आणि भारताएवढंच किंवा जास्त तेल घेणाऱ्या चीनला त्यातून सोडलं. हा ढोंगीपणा आहे असं मला वाटतं. पण समोरचा विचारेल, 'त्या पैशातून ड्रोन बनले त्याचं काय?' उत्तर तयार ठेवा. 'युरोपही घेतच होता' हे उत्तर नव्हे, ते विषय बदलणं आहे.

भारताची भूमिका मांडताना मतदान नेमकं सांगा. २ मार्च २०२२ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत रशियाच्या निषेधाच्या बाजूनं १४१, विरोधात ५, तटस्थ ३५. भारत तटस्थांत होता. तटस्थ म्हणजे रशियाच्या बाजूनं नव्हे. सप्टेंबरात समरकंदला मोदी पुतिन यांना समोरासमोर म्हणाले की आजचा काळ युद्धाचा नाही. आणि २४ फेब्रुवारी २०२५ ला, युक्रेन आणि युरोपच्या ठरावाविरुद्ध रशियाच्या सोबतीनं मत दिलं ते अमेरिकेनं. भारत तेव्हाही तटस्थच. 'पश्चिम' हा एकसंध गट धरून २०२२ मध्ये केलेल्या वादांची पानं त्या दिवशी फाडावी लागली.

नाटोबाबतही असंच. नाटो दूर ठेवणं हा युद्धाचा हेतू मानला तर फिनलंड एप्रिल २०२३ मध्ये आणि स्वीडन मार्च २०२४ मध्ये आत आले, आणि एकट्या फिनलंडची रशियाशी सीमा सुमारे १,३४० किलोमीटर आहे.

पायरी ७ : भाकितांची वही ठेवा

साधी शंभर पानी वही. तारीख, कोण म्हणालं, काय होईल आणि कधीपर्यंत. 'कधीपर्यंत' नसेल तर ते भाकीत लिहू नका, ती हवा आहे. कीव्ह तीन दिवसांत पडणार होतं. युरोप २०२२ च्या हिवाळ्यात गोठणार होता. एप्रिल २०२२ मध्ये नाणेनिधीनं रशियाची अर्थव्यवस्था त्या वर्षी साडेआठ टक्क्यांनी आकसेल म्हटलं. ती दोन टक्क्यांच्या आतबाहेर आकसली. २०२३ च्या उन्हाळ्यात युक्रेनची फौज अझोव्ह समुद्र गाठणार होती. गटात दर तीन महिन्यांनी वह्या वाचायच्या, आणि स्वतःचं चुकलेलं आधी वाचायचं असा आमचा नियम आहे.

माझ्या पहिल्याच पानावर मार्च २०२२ ची नोंद आहे: 'रुबल डॉलरला १२० वर. वर्षअखेरपर्यंत सावरत नाही.' जूनअखेर तो पन्नाशीच्या घरात होता, सात वर्षांतला सर्वांत भक्कम. त्याखाली दुसऱ्या शाईत गटातल्या एकानं लिहिलंय, 'निर्बंध फसले.' आणि त्याखाली, पुढच्या बैठकीत, तिसऱ्यानं: 'आयात बंद पडली आणि डॉलर बाहेर न्यायला मनाई होती म्हणून रुबल वर गेला. ताप उतरला की थर्मामीटर फुटला?'